नर्सिंगच्या मुलींना ‘का?’ विचारू द्या

आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली आज जीएनएम नाहीतर बी. एस्सी. नर्सिंगला जातात. घरचे पोटाला चिमटा काढून फी भरतात. बऱ्याच कॉलेजांत त्यांच्याकडून व्याख्या पाठ करून घेतात, चादर सुरकुती न पडता घालायला शिकवतात. विचार करायला शिकवणे मात्र राहून जाते. हे आम्हाला खटकते.

पॅरासिटामॉलचे सिरप घ्या. बाजारात ते दोन ताकदीचे मिळते. एकाच्या ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसऱ्याच्या ५ मिलीत २५०. लहान मुलाला एका वेळी वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम द्यायचे असते. म्हणजे १० किलोच्या बाळाला पहिल्या बाटलीतले ५ मिली बरोबर, दुसरीतले तेवढेच फार जास्त. कागदावर नुसते ‘५ मिली’ लिहिलेले असले, तर ‘बाटली कोणती? बाळाचे वजन किती?’ असे विचारणारी नर्सच ती चूक अडवते. (घरीही बाटलीवरचा आकडा वाचत जा.)

श्वासाचेही तेच. तो पूर्ण मिनिटभर मोजायचा असतो. घाईत न मोजताच सगळ्यांपुढे २० लिहिले जाते. बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर आत रक्त जात असेल, तर बहुधा आधी नाडी आणि श्वास वाढतात, बीपी मागाहून उतरते. तो श्वास का मोजायचा हे जिला कळले आहे, ती आकडा डोळे झाकून लिहिणार नाही.

बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र काळ्या-सावळ्या कातडीवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते. २०२० साली अमेरिकेतल्या पेशंटांच्या तपासण्यांतून हे ठळकपणे पुढे आले. यंत्र ९४ म्हणते आणि समोरच्या बाईला धापेमुळे एक वाक्य पुरे करता येत नाही, तेव्हा नर्सने बाईकडे पाहावे.

यावर ‘नर्सने ऑर्डर पाळावी, डोके चालवू नये’ असे म्हणणारे आहेतच. पण शंका आली तर डॉक्टरांना पुन्हा विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. वस्तीतली मुलगी आधीच दबकून असते. तिला आणखी गप्प केले की नुकसान जनरल वॉर्डातल्या पेशंटचे होते, आणि तिथे आपलीच माणसे असतात.

शिक्षिकांनी ड्युटीनंतर अर्धा तास मुलींसोबत बसावे. आज काय पाहिलेस, काय खटकले, कशावरून, एवढे विचारावे. परीक्षेत व्याख्येऐवजी एखादा पेशंट मांडावा, आणि चांगल्या प्रश्नालाही मार्क द्यावेत.