ट्रकच्या हाउसिंगचे ऑइल : साधे की सिंथेटिक?



ऊस विकास अधिकाऱ्याने बेण्याबद्दल, खोडव्याबद्दल बोलावे, ट्रकच्या ऑइलात त्याचे काय काम, असे काहीजण म्हणतील. म्हणोत बापडे. पण ऊस तोडला म्हणजे आमची जबाबदारी संपली असे होत नाही, आणि गेल्या हंगामात याचा आम्हांला चांगलाच अनुभव आला. कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यावर भरलेल्या ट्रकचे क्राऊन-पिनियन रात्री गेले. ट्रक रस्त्यात आडवा, मागे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या खोळंबलेल्या. दुसऱ्या गाडीत ऊस भरून काट्यावर यायला दुसरी संध्याकाळ उजाडली. तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गाळला जावा असे गटसभांतून आम्हीच सांगतो! वजन घटले ते त्या शेतकऱ्याचे, उतारा घटला तो सगळ्यांचा. हाउसिंग खोलले तर आतले ऑइल ताकासारखे पांढरट.

ट्रकमालक आपलेच सभासद. ते म्हणाले, "साहेब, दिवाळीलाच महागातलं सिंथेटिक टाकलंय. दुकानदार म्हणाला, आता दोन वर्षं बघायचं कारण नाही." आज बोलायचे आहे ते या वाक्याबद्दल.

सिंथेटिक वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. ते उष्णतेने लवकर खराब होत नाही, थंडीत घट्ट होत नाही आणि जास्त काळ टिकते. पण डब्यावरचे आकडे जरा नीट वाचावेत. ७५ डब्ल्यू ९० यातला पहिला आकडा थंडीचा, दुसरा गरम झालेल्या ऑइलाच्या जाडीचा. ७५ डब्ल्यूची थंडीतली परीक्षा शून्याखाली ४० अंशांना होते, ८० डब्ल्यूची शून्याखाली २६ ला आणि ८५ डब्ल्यूची शून्याखाली १२ ला. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे फडात कितीही हुडहुडी भरली तरी तेवढी थंडी पडत नाही. म्हणजे या गुणाचे पैसे आपण फुकट मोजतो. वर्षभर हमरस्त्यावर लांब पल्ल्याने, भर उन्हात धावणाऱ्या गाडीला मात्र सिंथेटिक परवडते. तशी गाडी असेल आणि कंपनीचे पुस्तक परवानगी देत असेल, तर खुशाल टाकावे.

ऊस वाहतुकीची गाडी निराळी. ओझे दांडगे, चाल हळू, चिखल, ओढे, फडातून बाहेर पडताना पहिल्या गिअरची ओढाताण. हाउसिंगच्या वर ब्रीदर नावाची एक छोटी वाफ जाण्याची वाट असते. ती चिखलाने बुजली की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर ढकलले जाते. तेच तापलेले हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात उतरले की एकदम गार होते, आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. पाणी शिरलेले ऑइल साधे की सिंथेटिक, हे क्राऊनच्या दातांना कळत नाही. वर चाकाकडचे सील गळून ऑइल ब्रेक लायनरवर आले तर भरलेली गाडी उताराला थांबायची कशी? हा प्रश्न पैशांचा राहत नाही.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ऊस वाहतुकीच्या गाडीला साधे पण योग्य प्रतीचे ऑइल टाकावे आणि ते वेळेवर बदलावे. हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा, हंगामाच्या मध्यावर एकदा, आणि पाणी शिरल्याची शंका आली तर त्याच दिवशी. बहुतेक डिफरन्शियलमध्ये दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना जीएल-५ प्रतीचेच ऑइल लागते. डब्यावर जीएल-४ असेल तर स्वस्त मिळाले म्हणून आणू नये. उलट, गिअरबॉक्सच्या पुस्तकात जीएल-४ सांगितले असेल तर तिथे जीएल-५ ओतू नये, आतल्या पितळी भागांना ते बाधू शकते. जाडी ९० की १४० हेही पुस्तकात पाहावे, गल्ल्यावरच्या माणसाला विचारून ठरवू नये.

ऑइल काढताना खालच्या बुचाचा मॅग्नेट बघावा. त्यावर मऊ राखाडी लगदा असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर गाडी फिटरकडेच न्यावी.

एक सूचना आम्ही व्यवस्थापनाकडे करणार आहोत. वाहतुकीचा करार होताना गाडीची कागदपत्रे, टायर आपण बघतो, त्यातच हाउसिंगचे ऑइल, सील आणि ब्रीदर यांचा एक रकाना वाढवावा. काही वाहनमालकांना ही कटकट वाटेल, दोघांनी तसे आम्हांला तोंडावर बोलूनही दाखवले. पण तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊस बिलातूनच वजा होतो, तेव्हा ज्यांच्याकडे ट्रक नाही त्या सभासदांनीही यावर आपले मत गट कार्यालयात कळवावे.