उंबऱ्याची खाच

मागील अंकातील कलोझियमवरील लेखांक वाचून काही भगिनींनी विचारले, की इतक्या दूर रोमला जाऊन तुम्ही कत्तलीची जागा तेवढी पाहून आलात काय? तसे नाही. मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही उभयता रोम शहर सोडून ऑस्टिया नावाच्या उजाड नगरीत गेलो होतो. तेथे राजवाडा नाही, विजयस्तंभ नाही. ती वखारींची, मापाड्यांची आणि दुकानदारांची नगरी आहे. म्हणून आपल्या वाचकांस तिच्याविषयी सांगावेसे वाटते. आणखीही एक कारण आहे, ते ओघाने येईल.

आमचे सांगलीच्या गणपती पेठेतील हळदीचे व भुसाराचे दुकान माझ्या सासऱ्यांनी १९५२ साली थाटले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आतला सारा माल गेला. पुढच्या वर्षी टाळेबंदी आली, आणि त्यानंतर दुकान उघडत राहिले ते नावापुरते. चिरंजीव जर्मनीत नोकरीस आहेत. ते परत येऊन गादीवर बसतील अशी आशा आम्ही केव्हाच सोडली होती. अखेर जागा विकण्याचे ठरले. कराराचा मसुदा तयार होता, प्रवासाहून परतताच सही करायची होती. ह्यांनी होकार दिला होता. परंतु होकार देणारा माणूस पुढे अधूनमधून त्याविषयी काही बोलतो. हे चार महिन्यांत एक शब्द बोलले नव्हते.

ऑस्टियाची गाडी जेथून सुटते, त्या स्थानकाच्या शेजारी चक्क एक पिरॅमिड उभा आहे. गायस सेस्टियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याची ती समाधी, इसवी सनाच्या आधीच्या शतकातली. मृत्युपत्राप्रमाणे हे काम ३३० दिवसांत पुरे झाले, असे दगडावरच कोरून ठेवले आहे. ह्यांनी तो मजकूर माहितीपत्रकात वाचला आणि म्हणाले, "वारसांना मुदत घालून दिली, तेव्हाच काम झालं." मी काही बोलले नाही. त्या दिवसांत त्यांच्या साध्या बोलण्यातही मला टोचणी जाणवत असे.

अर्ध्या तासाचा प्रवास. स्थानकावरून थोडे चालले की थडग्यांच्या रांगा लागतात, मग वेस, आणि वेशीतून सरळ आत जाणारा काळ्या दगडी फरशीचा हमरस्ता. दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती आणि छत्रीसारखे डोईवर पसरलेले पाइन जातीचे वृक्ष. एप्रिलची सकाळ होती, माणसे तुरळक. माझ्या गुडघ्यांमुळे आम्ही सावकाश चाललो होतो, आणि सावकाश चालण्यानेच पुढचे सारे दिसले.

ऑस्टिया हे टायबर नदीच्या मुखावरचे बंदर. रोमच्या लाखो माणसांचे पोट आफ्रिकेहून व इजिप्तहून येणाऱ्या गव्हावर अवलंबून होते. हा गहू मोठ्या गलबतांतून येथल्या किनाऱ्यास लागे, मापला जाई, वखारीत पडे आणि लहान नावांतून नदीवाटे वर रोमला पोहोचे. सम्राट क्लॉडियसने इसवी सन ४२ मध्ये उत्तरेस नवे बंदर बांधावयास घेतले, ट्रेजनने त्याला षट्कोनी गोदी जोडली. तरी व्यापाराची माणसे बरीच वर्षे ऑस्टियातच राहत. पुढे साम्राज्य खचले, नदीने गाळ आणला, हिवतापाने वस्ती उठवली. संगमरवर लोकांनी काढून नेला. काही तर भट्टीत जाळून त्याचा चुना केला. १५५७ च्या पुरात टायबरने आपला प्रवाहच बदलला. आज समुद्र सुमारे तीन किलोमीटर दूर सरकला आहे. बंदराला ना नदी उरली, ना समुद्र.

नाट्यगृहाच्या मागे एक विस्तीर्ण चौक आहे. मधोमध देवळाचा चौथरा, आणि तीन बाजूंनी साठेक लहान खोल्यांची ओळ. या व्यापाऱ्यांच्या व जहाजमालकांच्या पेढ्या असाव्यात. प्रत्येक पेढीसमोर जमिनीवर काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांचे चित्र: कोठे दीपगृह, कोठे शिडाचे गलबत, कोठे धान्याचे माप. सोबत लॅटिनमध्ये गावाचे नाव: कार्थेजचे जहाजमालक, कॅग्लिआरीचे व्यापारी, नार्बोनचे जहाजमालक. ज्याला वाचता येत नाही त्यानेही चित्र पाहून योग्य दारी जावे, अशी सोय. साब्राथा या आजच्या लिबियातील गावच्या पेढीसमोर हत्ती काढला आहे. त्यांचा व्यापार हस्तिदंताचा किंवा रानटी जनावरांचा असावा असे अभ्यासक मानतात. कलोझियममध्ये मारले जाणारे प्राणी कोणी तरी विकत आणीतच असणार, हे तेथे उभे राहिल्यावर ध्यानात आले. त्या हत्तीपाशी मला थांबवेना.

हे मात्र रमले ते मापाड्यांच्या सभागृहात. पश्चिमेकडील रस्त्यावर धान्य मापणाऱ्यांच्या संघाची ही वास्तू. जमिनीवरील चित्रात एक हमाल पाठीवर पोते घेऊन येतो आहे. एका मुलाच्या हातात मोजदादीसाठी दोरीत ओवलेल्या पट्ट्या आहेत. आणि मापाडी हातात काठी घेऊन भरल्या मापाची शीग उतरवण्यास सज्ज आहे. चित्र इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातले. ह्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"हा पोरगा म्हणजे आपला दिवाणजी," ते म्हणाले. "मापाड्यावर विश्वास ठेवायचा, पण मोजदाद दुसऱ्याच्या हातात ठेवायची. दादा हेच सांगत."

मग त्यांनी अगदी हळू आवाजात म्हटले, "लाभ." आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, हे वाचकांस सांगावयास नको. नव्या पिढीस कदाचित सांगावे लागेल. ह्यांच्या तोंडून तो शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला.

संग्रहालयाजवळ एका घरात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले प्रचंड रांजण आहेत, मोजून पस्तीस. तेल किंवा मद्य त्यांत साठवीत. काहींच्या काठाशी मापाचे आकडे कोरलेले दिसतात. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले, कारण दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली होती: हरिपूरची पेवे. जमिनीत खोल खणलेल्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे, किडीवाचून. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, तेव्हा ह्यांची स्वतःची हळद त्यांत होती. तो तोटा त्यांनी सोसला, पुन्हा उभे राहिले. २०१९ ला मात्र वय सत्तरीकडे झुकले होते.

दुपारी एका दगडी बाकावर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोरच्या गल्लीत रोमन काळातील खाणावळ जवळपास शाबूत आहे: संगमरवरी ओटा, भांडी मांडावयाच्या पायऱ्या, भिंतीवर त्या दिवशी काय मिळेल याचे रंगीत चित्र. येथील बहुतेक लोक बहुमजली इमारतींत भाड्याने राहत आणि जेवण बाहेरून आणीत, असे म्हणतात. हा भाग फार पाहिला नाही. ऊन चढले होते.

परतीच्या वाटेवर हमरस्त्यालगत दुकानांची रांग लागते. छते नाहीत, आत गवत उगवलेले. उंबरे तेवढे जागेवर आहेत. मी पुढे निघाले होते, मागून हाक आली. "अगं, इकडे ये जरा."

हे एका उंबऱ्यापाशी खाली बसले होते. एकाहत्तराव्या वर्षी, विजार सावरून, भर रस्त्यात. "हात लाव इथं."

उंबऱ्याच्या दगडात एका टोकापासून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत लांब खाच होती. उरलेल्या हातभर जागेत खाच नव्हती. तेथे लहान दार फिरावयाचे भोक होते. मला उमगण्यापूर्वीच ते सांगू लागले: फळ्या या बाजूने खाचेत घालायच्या, एकेक सरकवीत न्यायच्या, शेवटची दाराला भिडवायची, मग दार ओढून आडणा घालायचा. थेट आमच्या दुकानासारखे. आमच्या फळ्यांवर सासऱ्यांनी काव लावून आकडे घातले होते. क्रम चुकला की शेवटची बसत नसे.

ह्यांनी खाचेवर बोट ठेवले आणि मोजू लागले. "लाभ, दोन, तीन…" अकरापर्यंत आले. "यांच्या अकरा असतील. आपल्या सतरा."

मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर टेकले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "पुराच्या आदल्या रात्री पाणी पेठेच्या तोंडाशी आलं होतं. तरी मी फळ्या ओळीनं लावल्या. पाणी फळ्यांनी अडतंय होय? पण लावल्या. आठ दिवसांनी जाऊन बघतो, तर सतराच्या सतरा जागच्या जागी. आत काहीच नव्हतं."

मला तेव्हा ते सांगणे भाग पडले. "पूर ओसरल्यावर मुलाला फोन मीच केला होता. बाबांना समजाव, दुकान आता नको, असं मीच म्हटलं."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"तो बोलला तेव्हा शब्द तुझे होते. 'आता पुरे झालं' असं तो कधी म्हणत नाही."

"मग इतकी वर्षं काही विचारलं का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." थोडे थांबून त्यांनी जोडले, "राग आला होता. काही काळ होता. मग टाळेबंदीत घरी बसलो, तेव्हा वाटलं, एकट्यानं पुन्हा चिखल उपसणं मला जमलं नसतं. तेही तुला सांगायला पाहिजे होतं."

एक शाळकरी मुलांची रांग आमच्यासमोरून गेली. त्यांच्या बाईंना वाटले असावे, की हे वृद्ध जोडपे दमून बसले आहे. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली. ह्यांनी हात जोडून नकार दिला आणि उठण्यासाठी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचून जेवण उरकायचे होते, म्हणून पाचची गाडी धरली. रात्री मुलाचा फोन आला. कसे वाटले, काय पाहिले, असे नेहमीचे बोलणे झाले. मग ह्यांनी सांगितले, "मसुद्यात एक ओळ घाल. फळ्या विक्रीत नाहीत." पुरानंतर दुकानाला लोखंडी शटर बसवले होते, तेव्हापासून त्या मागच्या खोलीत पडून होत्या.

"बाबा, त्या ठेवणार कुठं?" तिकडून प्रश्न आला. ह्यांनी फोन माझ्या हाती दिला.

गेल्या पंधरवड्यात सही झाली. फळ्या घरी आणून परसातल्या पडवीत उभ्या केल्या आहेत. धुऊन, तेल लावून. सोळाच मिळाल्या. अकरा आकड्याची फळी कोठे गेली ते कळलेले नाही. दुकानाचे जुने हमाल मिरजेस मुलीकडे राहतात, त्यांना निरोप धाडला आहे.