उपचारतज्ज्ञाची घरची बोली

वाचा-उपचारतज्ज्ञाचा परिचय करून देताना आपण त्याची पदवी सांगतो, अनुभव सांगतो. तो कोणती बोली ऐकत वाढला, हे मात्र सहसा विचारीत नाही. आमच्या मते हा खाजगी तपशील नसून त्याच्या व्यावसायिक सिद्धतेचाच भाग आहे.

अमळनेरमधील एखाद्या पाच वर्षांच्या मुलाची तपासणी डोळ्यांसमोर आणावी. चित्रे दाखवून शब्द वदवून घ्यायचे आणि कोणता ध्वनी गळला, कोणता बदलला हे टिपायचे, अशी तिची रीत. चित्रातला डोळा पाहून मूल ‘डोया’ म्हणते. प्रमाण मराठीच्या तक्त्यात ही चूक ठरेल. पण अहिराणी बोलणारी त्याची आजीही ‘डोया’च म्हणते. तेच मूल ‘कपडा’ला ‘तपडा’ म्हणू लागले, तर तो मात्र बोलीचा गुण नव्हे. तेथे श्रवण तपासून उपचारांचा विचार करायला हवा. हा भेद ज्याला ऐकू येत नाही, तो निरोगी मुलाला रुग्ण ठरवील किंवा खरा दोष ‘गावठी उच्चार’ म्हणून सोडून देईल. दोन्हीकडून नुकसान मुलाचेच.

अमेरिकेतील वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने १९८३ मध्येच इंग्रजीची कोणतीही बोली हा विकार नव्हे, अशी भूमिका जाहीर केली होती. त्याच वर्षी मुंबईत अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायाला नोंदणीची चौकट दिली. या चौकटीत प्रशिक्षणाची हमी आहे; रुग्णाची बोली जाणण्याची नाही. आणि २०११ च्या जनगणनेत तर खानदेशी ही मराठीहून वेगळी भाषा म्हणून गणली गेली असून तिचे भाषक अठरा लाखांहून अधिक आहेत.

प्रत्येक तज्ज्ञ खानदेशीच असावा, असा आमचा हट्ट नाही. जे त्याला घरातून मिळाले नाही, ते त्याच्या हाती देणे भाषेच्या अभ्यासकांना शक्य आहे. व्युत्पत्तिकोशकार कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अमळनेरला साहित्य संमेलन भरले. अशा गावाच्या परिसरातील मराठी विभागांनी अंगणवाड्यांत जाऊन, कोणत्या वयाचे अहिराणी मूल कोणते ध्वनी उच्चारते, याच्या ध्वनिमुद्रित नोंदी कराव्यात. बोलीच्या गौरवापेक्षा या कामाची निकड आम्हांला अधिक वाटते.