एफएम मुका का होतो?

पावसात मोबाईलचं नेटवर्क गेलं की लोक रेडिओ लावतात, आणि नेमका तेव्हाच आपला एफएम मुका! परवा पुन्हा तेच. ट्रान्समीटर चालू होता हो. स्टुडिओतून येणारा आवाज तेवढा तुटला होता. उपाय काही नवा नाही. ट्रान्समीटरपाशी सायलेन्स डिटेक्टरवाला स्विच बसवायचा. ठरलेल्या सेकंदांत आवाज आला नाही, की तो आपणहून दुसरी लाइन पकडतो. तीही मेली तर पेनड्राइव्हवरचं रेकॉर्डिंग लावतो. रात्री कुणी टेकडीवर धावायला नको. पण दोन्ही लाइनी एकाच खांबावरून आणल्या तर स्विच बिचारा काय करणार? एक इंटरनेटची, दुसरी वायरलेस लिंकची हवी. उद्घाटनाच्या मांडवाला पैसे निघतात, याला का नाहीत? आणि बसवल्यावर महिन्यातून एकदा मुख्य लाइन मुद्दाम काढून बघा, दुसरी लागते का ते.