परत बोलावलेली गाडी आणि दुसरा मालक

जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकी कंपनीने एस-प्रेसो व ईको या प्रकारच्या ८७,५९९ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात तयार झालेल्या या गाड्यांच्या टाय रॉडमध्ये दोष असण्याची शक्यता होती. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोहोचविणारी दांडी. ती तुटली तर चालक स्टिअरिंग फिरवीत राहतो आणि चाक ऐकत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये याच कंपनीने २,५५५ ऑल्टो के-१० गाड्या स्टिअरिंग गिअर बॉक्समधील दोषामुळे परत बोलावल्या व सदोष भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नये, असे मालकांना कळविले.

अशी दुरुस्ती मोफत होते. मग अडचण कोठे आहे? कंपनी निरोप पाठविते तो तिच्या दप्तरी नाव असलेल्या मालकाला. मोमिनपुरा, इतवारी, गांधीबाग भागातील आपले अनेक छोटे व्यावसायिक गाडी घेतात ती जुनी. पैसे देऊन चावी घेतली जाते, पण आर.टी.ओ.त नाव चढविणे महिनोन्‌महिने राहून जाते. निरोप पहिल्या मालकाकडे जातो आणि गाडीत शाळेची मुले किंवा माल दुसराच वाहून नेत असतो. ज्याला निरोप मिळतो, तोही एका दिवसाची कमाई बुडेल म्हणून टाळतो.

२०१२ पासून गाड्या परत बोलावणे हा वाहन उद्योगाचा ऐच्छिक संकेत होता. नागपूरचे खासदार नितीन गडकरी परिवहन मंत्री असताना २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचे नियम लागू झाले. सरकारला सक्तीने गाड्या परत बोलावावयास लावल्यास कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परंतु हे नियम सात वर्षांच्या आतील गाड्यांनाच लागू आहेत. गरीब व्यावसायिकाच्या हाती गाडी येते ती बहुधा त्यानंतरच!

म्हणून दोन गोष्टी व्हाव्यात. व्यावसायिक गाडीला फिटनेस देताना अशी दुरुस्ती बाकी आहे काय, हे पाहणे आर.टी.ओ.ला सक्तीचे करावे. आणि कंपन्यांनी रोजीवर चालणाऱ्या गाड्यांसाठी रात्रीची दुरुस्ती शिबिरे भरवावीत.

तोपर्यंत व्यापारी बंधूंनी एवढे करावे : जुनी गाडी घेताना आर.सी.वरील चेसिस क्रमांक कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे तपासून घ्यावा आणि नाव लगेच चढवून घ्यावे. स्टिअरिंगमध्ये खडखड किंवा ओढ जाणवल्यास रस्त्यावरच्या मिस्त्रीकडून वेळ मारून नेऊ नये. दोष मूळ बनावटीचा वाटल्यास परिवहन मंत्रालयाच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, कारण ठरावीक संख्येने तक्रारी आल्यावरच सरकारी चौकशीची चक्रे फिरतात. एका दिवसाची रोजी दुसऱ्या दिवशी भरून काढता येते, मागे बसलेल्या मुलांचे तसे नाही.