फळ्यावरची नावे

सव्वीस जानेवारीला खेड्यातल्या कोणत्याही शाळेत जावे. झेंडावंदन होते. मुले ओळीत उभी राहून संविधानाची उद्देशिका खड्या आवाजात म्हणतात. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द भिंतीवर रंगवलेलेही असतात. मग खाऊ वाटला जातो, पाहुणे जातात आणि पटांगण झाडण्यासाठी मुलींना हाक मारली जाते. मुलगे कबड्डी खेळायला पळतात. यात कुणालाच काही वावगे वाटत नाही. ज्या मुलींनी दहा मिनिटांपूर्वी समतेचा उच्चार केला, त्यांनाही नाही.

मुलांना नागरिकत्व शिकवण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण ते आपण विषय म्हणून शिकवतो, आणि विषय म्हटला की गुण आले. आम्ही दहावीला होतो तेव्हा इतिहासाच्या पेपरात राज्यशास्त्राला बारा गुण होते. मूलभूत कर्तव्ये किती, ती कोणत्या घटनादुरुस्तीने आली, हे आम्ही पाठ केले. १९७६ ची ४२ वी दुरुस्ती अजूनही आठवते. ती कर्तव्ये वर्गात कशी पाळायची, हे मात्र कुणी विचारले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

माझ्यापुरते सांगायचे, तर नागरिकशास्त्राचा पहिला धडा मी पुस्तक हाती येण्यापूर्वीच शिकलो होतो. गुरुजी ऑफिसात गेले, की मॉनिटरच्या हाती खडू येई. बोलणाऱ्यांची नावे तो फळ्यावर लिही. ज्याने त्याला चिंचा-बोरे दिली, त्याचे नाव पुसले जाई. आमच्यात एक अबोल मुलगा होता. त्याच्याजवळ द्यायला काही नसे, म्हणून त्याचे नाव रोज फळ्यावर असे आणि छडीही रोज त्यालाच. साऱ्या वर्गाला हे ठाऊक होते. गुरुजींना कुणीही सांगितले नाही. मीही नाही. सत्ता कशी चालते, लाच कशी द्यावी आणि शेजाऱ्यावर अन्याय होत असताना गप्प कसे बसावे, हे तीन धडे त्या फळ्याने आम्हांला दिले. मोठेपणी गावात, कचेरीत, निवडणुकीत जे दिसते, ते याहून निराळे आहे काय?

वर्ग ही मुलाची पहिली ग्रामपंचायत आहे, असे माझे मत आहे. तेथे त्याला जसे वागवले जाते, तसा तो नागरिक होतो.

आपल्या भागाला तर हे अधिक कळायला हवे. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला. मराठवाड्याला निजामी राजवटीतून सुटायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला. ते तेरा महिने आपले पूर्वज नागरिक नव्हते, प्रजा होते. प्रजेने हुकूम ऐकायचा असतो, नागरिकाने प्रश्न विचारायचा असतो. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. आपले विद्यापीठ ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिक्षक होते. प्रजेचा नागरिक कायद्याने एका दिवसात होतो. मनाने व्हायला शाळा लागते, हे शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही. आणि आज आपण मुलाला सांगतो काय? "हाताची घडी, तोंडावर बोट!" ही प्रजेची बैठक झाली.

नरसी नामदेव आणि औंढा नागनाथ ही दोन्ही स्थाने आपल्या जिल्ह्यात आहेत. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिले नाही, मागे जायला सांगितले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. ती ऐकून हात जोडणे सोपे आहे. आपल्या वर्गात मागच्या बाकावर कोण बसते, हे पाहणे अवघड आहे. दिवाळीनंतर आई-बापाबरोबर ऊसतोडीला गेलेले तांड्यावरचे पोर उन्हाळ्याच्या तोंडी परत येते. हजेरीत त्याचे नाव असते, पण त्याच्या जागेवर दुसरे कुणी बसलेले असते. ते आपले आपण मागे जाऊन बसते. त्याच्याकडे वर्ग कधी फिरणार?

यावर काही गुरुजन म्हणतील, "दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, वरून कागदांचा ढीग. आधी शिस्त लागू द्या, मग लोकशाहीचे बघू." अडचण खरी आहे. पण नियम मुलांनीच बसून ठरवले, तर ते पाळले जातात की नाही यावर मुलेच लक्ष ठेवतात. तीही शिस्तच असते. २००९ साली शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांत 'मूल्यवर्धन' हा उपक्रम सुरू केला. संविधानातली मूल्ये भाषणातून न सांगता, मुलांना जोडीने आणि गटाने काम करायला लावून, बोलते करून रुजवायची, ही त्याची रीत. पुढे शासनाच्या सहकार्याने तो इतर जिल्ह्यांतही गेला. त्या शाळाही आपल्या शाळांसारख्याच होत्या.

फार काही लागत नाही. झाडू आणि पाण्याचा माठ यांची पाळी हजेरीच्या क्रमाने लावावी, मुलगा-मुलगी न पाहता. मॉनिटर दर महिन्याला बदलावा आणि तो मुलांनी निवडावा. बसायच्या जागा दर आठवड्याला फिराव्यात. शनिवारी अर्धा तास वर्गाची सभा घ्यावी. तीत गुरुजींबद्दलची तक्रारही करता यावी. शेवटची गोष्ट सर्वांत कठीण, म्हणून सर्वांत महत्त्वाची.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येक जण उद्या बी.एड. करून शिक्षक होतील. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीला मनाई केली आहे, पण फळा आणि खडू आहेतच. त्या अबोल मुलाचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. पाचवीला तो आला नाही. चौथीच्या त्या वर्गात एकाने जरी उभे राहून "गुरुजी, हा बोलला नव्हता" एवढे म्हटले असते, तर आम्हांला नागरिकशास्त्र आले, असे म्हणता आले असते. आपल्या वर्गात असे म्हणणारे एक तरी मूल तयार व्हावे, आणि त्याने तसे म्हटल्यावर आपण त्याला खाली बसवू नये.