मालक घरात राहतो, म्हणूनच

न्याहारी-निवासासाठी ना हरकत प्रमाणपत्र मागायला गेलेल्या सभासदाला अंधेरी-बोरिवलीतल्या सोसायट्यांच्या कमिट्या अनेकदा एकाच वाक्यात परत पाठवतात: इथे लॉज चालणार नाही. आपल्या व्यावसायिकांना याचा राग येतो. पण कमिटीने पाहिलेले असते ते असे, की मालक परगावी, किल्ली वॉचमनकडे आणि दर शुक्रवारी लिफ्टमध्ये नवे चेहरे. तो रोजभाड्याचा फ्लॅट झाला. केंद्राच्या ‘इनक्रेडिबल इंडिया’ योजनेत घरगुती निवासाची मूळ अटच अशी, की मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहावे. खोल्या 1 ते 6, खाटा फार तर 12. ही अट सैल व्हावी असे आपल्यातलेच काही जण सुचवतात. माझ्या मते तसे झाले तर उपनगरातला हा व्यवसाय संपेल.

कारण इथला पाहुणा गोव्याचा पाहुणा नव्हे. अंधेरीचे कोकिलाबेन किंवा मुलुंडचे फोर्टिस रुग्णालय, सीप्झमधली कंपनी, पवईची आयआयटी, सहारचा विमानतळ अशा कामासाठी तो येतो. 2014 पासून मेट्रोने घाटकोपर, अंधेरी आणि वर्सोवा जोडल्यामुळे घाटकोपरची खोलीही त्याला सोयीची पडते. नांदेडहून वडिलांना तपासणीला आणणाऱ्या मुलाला ओपीडीच्या वेळेआधी पोहे-चहा हवा असतो, पथ्याची मऊ खिचडी हवी असते, रिक्षा कुठे मिळेल आणि केसपेपरची रांग कधी लागते हे सांगणारे माणूस हवे असते. बंद फ्लॅटची किल्ली यातले काहीच देत नाही. घरात मालक असला की संकोच वाटतो, अशी तक्रार ऐकू येते आणि ती खरीही आहे. पूर्ण एकांत हवा असलेल्याने हॉटेलात उतरावे. ते गिऱ्हाईक आपले नाही.

जगातल्या शहरांनीही हाच फरक केला आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर 2023 पासून 30 दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमान घरात हजर असावा लागतो आणि पाहुणे दोनच चालतात. बार्सेलोनाने पर्यटकांच्या सुमारे 10 हजार फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवण्याचे 2024 मध्ये जाहीर केले. रहिवाशांचा रोष आधी चढला, कायदा मागून आला. आपल्याकडे तो रोष जिन्यापर्यंत आलेलाच आहे.

सुरक्षेचा आक्षेप मात्र अधिक गंभीर आहे, आणि त्याला तोंडी आश्वासन पुरत नाही. पर्यटन खात्याकडे नोंदणी, प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र, परदेशी पाहुण्याची 24 तासांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाला माहिती, हे सगळे कमिटीला दाखवता येईल असे ठेवले पाहिजे. पाणी आणि लिफ्टचा वापर वाढतो, हेही नाकारू नये. त्यापोटी काही जादा रक्कम आपणच देऊ करावी. एका खोलीच्या उत्पन्नात हे परवडत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी दर वाढवावेत, नोंदणी टाळू नये. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. यंदा तक्रार येण्याची वाट न पाहता हा विषय आपणच लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा, आणि सभेला स्वतः हजर राहा.